मांजरांतील गजकर्ण : रोगज्ञानाचा इतिहास

मांजराच्या कातडीस, केसांस व क्वचित नखांस कवकांमुळे होणारा संसर्गजन्य रोग. तो बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस या कवकामुळे होतो. कवक केसातील केराटीन या प्रथिनावर उपजीविका करते; त्यामुळे केस तुटून तोंड, कान व पुढच्या पायांवर कोंडायुक्त वाटोळे चट्टे पडतात. पुष्कळदा, विशेषतः लांब केसांच्या मांजरांत, काहीच लक्षण दिसत नाही. निरोगी भासणाऱ्या अशा मांजरापासून घरातील मुलांना रोग जडतो.

केस व कातडीचे असे विकार फार प्राचीन काळापासून ज्ञात असले, तरी शरीरातील दोष बिघडल्याने ते होतात, असा समज दीर्घकाळ टिकून होता. रेशमाच्या किड्यांचा एक रोग कवकजन्य असल्याचे आगोस्तीनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखविले. त्यानंतर योहान शनलाइन यांनी १८३९ मध्ये व पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी १८४१ पासून माणसाच्या डोक्यावरील चट्ट्यांत कवक पाहिले. ग्रुबींचे हे काम जवळजवळ पन्नास वर्षे दुर्लक्षित राहिले.

ते पुन्हा पुढे आणण्याचे श्रेय रेमों साबूरो (१८६४–१९३८) यांचे. लहान बीजुकांची (प्रजोत्पादक सूक्ष्म कणांची) काही कवके मुलाकडून मुलाकडे, तर काही जनावराकडून मुलाकडे जातात, हे संवर्धनाच्या पद्धतीने त्यांनी वेगळे करून दाखविले. दुसऱ्या प्रकारातील कवकाचे वर्णन बोदें व आल्मी यांनी १८९७ मध्ये कुत्र्यावरून केले व १९०२ मध्ये बोदें यांनी त्यास आजचे नाव दिले. ‘कॅनिस’ म्हणजे कुत्र्याचे. प्रत्यक्षात या कवकाचा मुख्य आश्रय मांजर हाच आहे, आणि या नावाने अनेक विद्यार्थ्यांची दिशाभूल केली आहे. लॅनोसम, फेलिनियम ही त्याचीच इतर नावे पुढे मागे पडली.

हा भेद केवळ शास्त्रीय नव्हता. रोगी मुलास शाळेतून दूर ठेवले जाई; १९०४ नंतर तर क्ष-किरणांनी डोक्याचे केस गाळीत. या उपचाराचे घातक परिणाम पुढे कित्येक वर्षांनी अर्बुदांच्या रूपाने प्रकट झाले. संसर्गाचे मूळ घरच्या मांजरात असेल, तर मुलावरील उपचारानेही पुन्हा रोग होणे अटळ होते.

अमेरिकन भौतिकीविज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०३ मध्ये तयार केलेल्या विशिष्ट काचेतून जंबुपार किरण पाडल्यास रोगट केस हिरवट चमकतात, हे १९२५ मध्ये मार्गारो व देव्हेझ यांनी दाखविले. मांजरांच्या तपासणीत ही पद्धत अत्यंत उपयुक्त ठरली. चमक निम्म्याच रोग्यांत दिसते, असे पूर्वी मानीत. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण बरेच अधिक आढळले. मलम व कोंडा यांच्या चमकेने मात्र फसगत होते. चमक नसेल तेव्हा निर्जंतुक दातांच्या ब्रशाने अंगावरील केस विंचरून त्यांचे संवर्धन करतात. ही युक्ती १९६३ मध्ये मुलांच्या डोक्यासाठी मॅकेन्झी यांनी वापरलेल्या ब्रशाच्या पद्धतीवरून आलेली आहे.

ग्रिसिओफुलव्हीन हे द्रव्य १९३९ मध्ये पेनिसिलियम ग्रिसिओफुलव्हम या बुरशीपासून वेगळे केले होते. पण ते पोटातून दिल्यास गिनीपिगांचे गजकर्ण बरे होते, हे जे. सी. जेंटल्स यांनी १९५८ मध्येच दाखविले. क्ष-किरणांचा उपचार त्यामुळे मागे पडला. परंतु गाभण मांजरीस हे औषध दिल्यास पिले विकृत होतात व काही मांजरांच्या अस्थिमज्जेस इजा पोहोचते, असे आढळल्यावर इट्राकोनॅझोल व टर्बिनाफीन यांचा वापर वाढला. त्यांच्या जोडीस चुना-गंधकाच्या द्रावणाने अंग भिजविणे हा उपाय टिकून आहे, कारण केसांवरील बीजुके त्याने कमी होतात.

प्रयोगशाळेत कोरड्या स्थितीत ही बीजुके सुमारे दीड वर्ष जिवंत राहिलेली आढळली आहेत. या माहितीचा धसका घेऊन अनेक निवाऱ्यांत रोगी मांजरे मारून टाकण्याची प्रथा पडली. ती समर्थनीय नव्हती. निरोगी प्रौढ मांजरांत रोग बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप ओसरतो, आणि केस झाडून काढणे, वस्त्रे धुणे व रोगी मांजर वेगळे ठेवणे यांनी घरातील संसर्ग आटोक्यात येतो.