खानदेशची बोली : ‘शे’ आणि ‘आहे’

धुळ्याच्या बाजारांत एखादी वृद्धा “तुनं नाव काय शे?” असें विचारते, तेव्हां पुण्यामुंबईचा पाहुणा क्षणभर घोटाळतो. प्रश्नांतील चार शब्दांपैकीं दोन त्याच्या ओळखीचे, दोन परके. ‘अशुद्ध मराठी’ असें मनांत म्हणून तो पुढें जातो. पण ज्याला तो अशुद्धता म्हणतो, तो एका प्रांताचा इतिहास आहे.

खानदेश हा वाटेवरचा मुलूख. तापीच्या खोऱ्याचें तोंड पश्चिमेस गुजराथेकडे. उत्तरेस सातपुड्यापलीकडे माळवा, पूर्वेस वऱ्हाड, दक्षिणेस दख्खन. सुरत-बऱ्हाणपूर हा व्यापाराचा मोठा मार्ग याच खोऱ्यांतून जाई. इ. स. १३८२ पासून १६०१ पर्यंत येथें फारुकी घराण्याचें राज्य होतें; पुढें अकबराच्या साम्राज्यांत हा प्रांत गेला. मराठीची मुळें मात्र त्याहून जुनीं आहेत. चाळीसगांवजवळील पाटणें येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला. तेथील शके ११२८ च्या शिलालेखांत पंडितांची स्तुति संस्कृतांत आहे. बाजारांतून मठाला काय द्यावयाचें, तो भाग मात्र जुन्या मराठींत आहे. व्यवहाराचें बोलणें लोकांच्या भाषेंतच करावें लागतें, हें त्या काळींहि कळत होतें.

या वाटेवरच्या मुलखाची खूण अहिराणींत पदोपदीं दिसते. ‘शे’ हें ‘आहे’पेक्षां गुजराथी ‘छे’ला जवळचें आहे. ‘घरांत’ याला अहिराणी ‘घरमा’ म्हणते; ‘रामाचा घोडा’ हा ‘रामना घोडा’ होतो. उलट ‘मला’ऐवजीं ‘माले’ म्हणतांना ती वऱ्हाडाच्या शेजारीं जाऊन बसते. मुलगा तो ‘आंडोर’, मुलगी ती ‘आंडेर’, आणि सगळें तें ‘बठ्ठं’. ‘ळ’च्या जागीं ‘य’ येतो : केळ्याचें ‘केय’, डोळ्याचा ‘डोया’, जळगांवचें ‘जयगाव’. मोडकें बोलणारा आज एक चूक करतो, उद्यां दुसरी. येथें गांवेंच्या गांवें एकच नियम पाळतात. तेव्हां ही मोडतोड नव्हे, हें व्याकरण आहे.

शिवाय खानदेशची बोली एकच नाहीं. धुळें, नंदुरबार, अमळनेर, बागलाण या भागांत अहिराणी; यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली; जामनेरच्या बाजूस तावडी; गुजर समाजांत गुजरी; सातपुड्यांत भिली आणि पावरी. जळगांवजवळच्या आसोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचीं गाणीं अहिराणींत आहेत, असें पुष्कळांस वाटतें. तीं लेवा गणबोलीच्या वळणाचीं आहेत. बहिणाबाईंना लिहितां येत नव्हतें. गाणीं उतरून घेणारीं माणसें घरांतच होतीं, म्हणून तीं उरलीं. १९५१ सालीं त्या वारल्या. १९५२ सालीं पुस्तक निघालें. बोलीला हंसणाऱ्या महाराष्ट्रानें तेंच पुस्तक डोक्यावर घेतलें.

विद्वानांनीं या भाषेकडे पूर्वींच लक्ष दिलें होतें. ग्रीयर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या १९०७ सालच्या खंडांत खानदेशी मराठीखालीं घातलेली नसून भिलीच्या शेजारीं स्वतंत्र मांडलेली आहे. २०११ च्या शिरगणतींतहि ती मराठीहून वेगळी मोजली गेली. संख्या सुमारें १८ लक्ष ६० हजार भरली. मातृभाषा विचारली असतां ज्यानें संकोचानें ‘मराठी’ असें सांगितलें असेल, तो या आंकड्यांत नाहीं.

अमेरिकेंत अशा शब्दांसाठीं फार मोठा उद्योग झाला. तेथें एकाच गोड फसफसत्या पेयाला एका भागांत ‘सोडा’, तर दुसऱ्या भागांत ‘पॉप’ म्हणतात. प्रादेशिक शब्दांच्या कोशासाठीं १९६५ ते १९७० या काळांत संशोधक १,००२ ठिकाणीं हिंडले आणि घर, शेत, हवा, स्वयंपाक यांविषयीं सोळाशेंहून अधिक प्रश्न त्यांनीं लोकांस विचारले. फ्रेडरिक कॅसिडी यांनीं सुरू केलेल्या त्या कोशाचा पहिला खंड १९८५ सालीं निघाला, पांचवा २०१२ सालीं. कोणता शब्द शुद्ध, हा प्रश्न त्यांनीं काढलाच नाहीं. कोण कोठें काय म्हणतो, एवढेंच नोंदलें.

खानदेशांतहि डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनीं अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला आहे. परंतु काळ थांबत नाहीं. मोट गेली, तिच्याबरोबर मोटेचे शब्द गेले. खापर चुलीवरून उतरलें, कीं मांड्यांची भाषा उतरणीला लागते. आखाजीला माहेरीं आलेली लेक झोक्यावर गाणें म्हणेनाशी झाली, तर त्या गाण्यांतील शब्दांना दुसरें घर नाहीं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत जुने कागद जतन केले आहेत. पण आजीच्या तोंडचा शब्द दफ्तरांत सांपडत नाहीं.

शाळेंत ‘आहे’ शिकलेंच पाहिजे. त्याविना मुलाला जग उघडत नाहीं. पण त्यासाठीं घरांतील ‘शे’ची लाज शिकविण्याचें कारण नाहीं. एका जिभेवर दोन्ही शब्द सुखानें नांदतात. शेकडों वर्षें वाटेवर राहिलेल्या खानदेशानें तें करून दाखविलें आहे. आजी अजून बोलत आहे तोंवर तिच्याजवळ बसून दहा शब्द वहींत उतरून घेणें, एवढें काम प्रत्येक घराला करतां येण्यासारखें आहे. आसोद्याच्या लेकीचीं गाणीं अशाच एका वहीनें वांचविलीं.