पावसाळी छावणी व घोड्यांचें रक्षण

मराठ्यांच्या घोडदळाविषयीं लिहितांना दौड आणि रणसंग्राम यांचेंच वर्णन बहुधा येतें. वर्षाचे चार पावसाळी महिने हें दळ कोठें उभें असे आणि काय खाई, याचा विचार क्वचित् होतो. वस्तुतः घोड्यास शत्रूच्या भाल्याइतकेंच संततधार पावसाचें भय असे.

मोहिमेंत घोडें उघड्यावरच राही. मेखा ठोकून आगाडी-पिछाडी बांधावी, वर झूल घालावी व तोंडास तोबरा द्यावा, इतकीच त्याची व्यवस्था. कोरडी थंडी तें सहज सोसतें. अंगावरील केंस उभे राहून त्यांत हवा कोंडते, आणि खाल्लेलें गवत आंतड्यांत आंबतांना शरीरास ऊब मिळते. परंतु केंस भिजून अंगास चिकटले व वर वारा सुटला, म्हणजे ही ऊब टिकत नाहीं. चिखलांत दिवसचे दिवस उभें राहिल्यानें खूर मऊ पडून कुजूं लागतो. बुरसलेल्या गवतानें पोटशूळ व श्वासाचे विकार जडतात. म्हणून पावसाळ्यांत छप्पर, कोरडी जमीन आणि कोरडा चारा हीं तिन्ही अवश्य होत.

कृष्णाजी अनंत सभासदानें १६९४ च्या सुमारास जिंजी येथें रचिलेल्या बखरींत हीच व्यवस्था नमूद आहे. पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असावा; पावसाळ्यास लष्कर स्वदेशीं परतावें; तेथें दाणा, रतीब व औषधें सिद्ध असावींत; घोड्यांकरितां व माणसांकरितां घरें गवतानें शाकारून ठेवावींत; आणि दसरा होतांच कूच करावें. परंतु बखर ही मागाहून लिहिलेली, आणि ती केवळ नियम सांगते. तो नियम पाळतांना काय अडचण पडे, हें समजण्यास तत्कालीन पत्रच पाहिजे.

असें एक पत्र राजवाड्यांनीं प्रसिद्ध केलेलें आहे. चिपळुणानजीक हलवर्ण येथील पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस शिवछत्रपतींनीं तें १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास लिहिलें. चिपळुणास लष्कराचा मुक्काम पडल्यामुळें दाभोळ सुभ्यांत पावसाळ्याकरितां केलेल्या सांठ्यापैकीं बराच खर्चून गेला होता. तेव्हां गडोगडींचा गल्ला देववून पागेची कशीबशी बेगमी करण्यांत आली. चिपळुणाकडे वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. एकदां झड लागली कीं बाहेरून चारा येणें दुर्घट. आरंभीं मनमुराद चाराल तर पुढें उपास पडतील, घोडीं मरतील आणि तीं तुम्हींच मारिलीं असें होईल, असें महाराज बजावितात. मग शिपाई कुणब्याच्या घरांत शिरतील आणि रयतेस मोगलापेक्षां तुम्हीच अधिक वाटाल, हा त्यापुढील इशारा.

दुसरा इशारा आगीचा. स्वयंपाकाच्या आगट्या, तमाखू ओढणारांची ठिणगी, रात्रीं जळत राहिलेला दिवा, उंदरानें ओढून नेलेली पेटती वात, यांपैकीं एकानेंही गवत पेटलें तर सारी पागा भस्म होईल, हें महाराज स्पष्टपणें लिहितात. पावसापासून राखणारें शाकारलेलें छप्पर आणि पोटास आधार देणारी गंजी, दोन्हीही ज्वालाग्राही. बांधलेल्या घोड्यास तर पळण्याचीही सोय नाहीं.

सारांश, छावणीची सुरक्षितता छपराइतकीच दाण्याच्या मापावर आणि विझविलेल्या दिव्यावर अवलंबून असे. नियम बखरींत आहे. तो मोडूं पाहतो कसा आणि सांवरला जातो कसा, हें पत्रावरून कळतें. म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, जुन्या मोडी रुमालांत गवत, दाणा, नालबंदी यांचे हिशेब आढळल्यास ते क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. लढाईची हकीकत अन्य साधनांवरूनही मिळूं शकते. पागेंतील घोडीं पावसाळाभर कशीं जगविलीं, हें मात्र त्या जीर्ण कागदांवांचून सांगणारें दुसरें कोणी नाहीं.