हळदीचे फूल आणि हरिपूरची पेवे

पावसाळा सरत आला की सातारा-सांगलीकडच्या हळदीच्या रानात रुंद पानांच्या पोटातून फिकट, खवल्याखवल्यांचा तुरा वर येतो. खवल्यांच्या आडून पिवळी फुले डोकावतात, माश्या येतात, मध चाखतात आणि जातात. त्यांच्या या खटपटीतून बहुधा काहीच पदरात पडत नाही. हळद त्रिगुणित आहे. तिच्या पेशीत 21 गुणसूत्रांचे तीन संच, एकूण 63. तिघांची दोघांत सारखी वाटणी होत नाही, म्हणून फूल येते पण बी सहसा धरत नाही. कासच्या पठारावर तिची रानटी चुलत बहीण चवर राहते. पावसाबरोबर ती उगवते, फुलते आणि पाने वाळली की कंदाच्या रूपाने मातीत दडी मारून पुढच्या आषाढाची वाट पाहते. शेतातली हळदही जातीने अशीच बहुवर्षायू, ओलाव्याची भुकेली; आपण तिला नऊ महिन्यांत उपटतो म्हणून ती हंगामी वाटते. फरक एवढाच की चवर स्वतःच्या बळावर टिकते आणि हळद कुणीतरी लावल्याखेरीज कुठेच सापडत नाही.

सांगलीच्या हळदीच्या कीर्तीचे श्रेय आपण सवयीने कृष्णाकाठच्या जमिनीला देऊन मोकळे होतो. माझ्या मते हे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे झाले. ही कीर्ती राखणीची आहे. ज्या पिकाला बी नाही त्याचा वंश माणसाच्या हातावर चालतो, आणि हे भाषेनेही ओळखले आहे: शेतकरी हळदीचे ‘बेणे’ म्हणतो, जसे उसाचे. फेब्रुवारी-मार्चात काढणी झाली की चांगले जेठे गड्डे निवडून सावलीत रचून ठेवायचे, वाळू द्यायचे नाहीत, कुजू द्यायचे नाहीत, आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास पुन्हा मातीत घालायचे. एकराला 10-11 क्विंटल बेणे लागते. म्हणजे दरसाल पिकाचा चांगला भाग विक्रीतून बाजूला काढण्याइतका धीर हवा. कराडच्या वावरात आज उभा असलेला कंद हा शब्दशः कुठल्यातरी जुन्या कंदाचा तुकडा आहे; मध्ये एकाही पिढीने हयगय केली असती तर ती माळ तिथेच तुटली असती.

ही झाली ओली राखण. खाण्याच्या हळदीची राखण नेमकी उलट, कोरडी. शिजवलेले, वाळवलेले, घासून चकचकीत केलेले हळकुंड वर्षभर पुरवायचे तर भुंगा आणि दमट हवा या दोन्हींपासून वाचवावे लागते. ते पुरवण्याची गरज किती जुनी, हे पाहायला कराडजवळच्या पालीला जावे. तिथली खंडोबाची यात्रा पौषात भरते, आणि पौषात नवी हळद अजून जमिनीतच असते. आसमंत पिवळा करणारा तो भंडारा आदल्या वर्षीच्या पिकाचा असतो. तुळशीच्या लग्नानंतर लागणाऱ्या हळदीही तशाच शिळ्या! या गरजेला सांगलीने दिलेले उत्तर म्हणजे हरिपूरची पेवे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावची माती घट्ट आणि चिवट. तिच्यात तोंडाशी अरुंद, पोटात ऐसपैस असे 20-25 फुटी खड्डे खणायचे, हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत हवा खेळत नाही, त्यामुळे किडा जगत नाही. माणूसही जगत नाही. म्हणून उघडलेले पेव काही काळ तसेच ठेवायचे, दिवा सोडून पाहायचा, मगच कुणी आत उतरायचे. भाव पडला तर थांबण्याची ताकद या खड्ड्यांनी बाजाराला दिली. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटते’ असे आपण म्हणतो, त्यात साठवून ठेवलेले एकदम बाहेर येण्याची हीच आठवण आहे.

जमिनीचा गुण कशाला नाकारता, असे कोणी म्हणेल. नाकारत नाही, 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले ते उगीच नव्हे. पण सांगलीच्या सौद्यांत कर्नाटकातली, तेलंगणातलीही हळद येत आली आहे. केवळ स्थानिक मातीनेच पेठ उभी केली असती, तर दूरच्या गाड्या इथे रित्या व्हायचे कारण नव्हते. त्या आल्या, कारण इथे माल थांबू शकत होता. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: थांबण्याची ताकद पेववाल्याची, ज्याला काढणीनंतर लगेच पैसा हवा त्या शेतकऱ्याची नव्हे. हे खरेच आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते पूरकच आहे. नफा पिकवण्यापेक्षा राखण्यात जास्त होता, म्हणून तो राखणाऱ्याकडे गेला. 2005च्या महापुरात नदीचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले आणि साठवलेली हळद नासली. शेतात जी ओल हळदीला वाढवते, तीच इथे तिच्या मुळावर आली. त्यानंतर गोदामांचा जोर वाढत गेला. जागा बदलली, कोरड्या राखणीची गरज आहे तशीच राहिली.

राहता राहिली मधमाशी. ती अगदीच निरुपयोगी असे म्हणणे तिच्यावर अन्याय ठरेल. काही हळदींत क्वचित बी धरते, आणि कोळिकोडच्या मसाला संशोधन संस्थेने मुक्त परागीभवनातून मिळालेल्या अशा बियांची रोपे वाढवून त्यांतून ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ हे वाण निवडले. पण निवड झाली त्या क्षणी फुलाचे काम संपले. ते वाणही पुढे शेतकऱ्याकडे पोचले ते बियांच्या पुडीतून नव्हे, बेण्याच्या पोत्यातून.