लांकडी पेटींतील प्रवासी

इतिहास म्हणजे सनावळी, अशी जी मुलांची समजूत होऊन बसते, तींत आम्हां मास्तरांचाच दोष अधिक. मीं तो तीस वर्षें केला. अलीकडे नातीस एक अमेरिकन चित्रपुस्तक वाचून दाखवितांना मला तो नव्यानें जाणवला. 'हेन्रीज फ्रीडम बॉक्स' हें तें पुस्तक. एलन लेव्हाइन यांनीं लिहिलेलें व कादिर नेल्सन यांनीं चितारलेलें हें पुस्तक २००७ सालीं निघालें. त्याचा नायक हेन्री ब्राउन हा मात्र खरोखर होऊन गेलेला मनुष्य आहे.

हेन्रीस आपलें वय ठाऊक नाहीं, कारण गुलामास जन्मदिवस ठाऊक नसतो, येथून गोष्ट सुरू होते. नातीनें मला तेथेंच अडविलें, "मग आजोबा, त्याचा वाढदिवस कधीं करीत?" गुलामगिरी म्हणजे काय, हें इतक्या नेमकेपणानें मीं वर्गांत कधीं सांगितलें नव्हतें.

हेन्री हा व्हर्जिनियांतील रिचमंड शहरीं तंबाखूच्या कारखान्यांत राबत असे. त्याची बायको नॅन्सी दुसऱ्या मालकाची. आई ज्याची त्याचींच लेकरें, असा तेथील कायदा. म्हणून मुलेंहि त्याच मालकाचीं. १८४८ सालीं तीं सर्व विकलीं गेलीं. विकलेल्यांचा तांडा नॉर्थ कॅरोलिनाकडे निघाला, तेव्हां बायकोचा हात धरून हेन्री कांहीं मैल चालला आणि एकटाच परत फिरला.

त्यानंतर त्यानें स्वतःसच माल म्हणून रवाना करण्याचें ठरविलें. जेम्स स्मिथ हा स्वतंत्र कृष्णवर्णी व सॅम्युअल स्मिथ हा गोरा जोडेवाला, हे त्याचे मदतनीस. कामावरून सुटी मिळावी म्हणून त्यानें हातावर गंधकाचें तेजाब ओतून घेतलें. पेटी सुमारें तीन फूट लांब, दोन फूट रुंद व अडीच फूट खोल होती. आंत थोडें पाणी, कांहीं बिस्किटें आणि हवेसाठीं भोक पाडण्यास एक गिरमीट. मार्च १८४९ मध्यें ही पेटी गाडी, आगगाडी व आगबोट यांतून सत्तावीस तासांनीं फिलाडेल्फियास पोंचली. वरची बाजू कोणती, हें पेटीवर लिहिलेलें असूनहि आगबोटीवर ती उलटी ठेवली गेली. डोकें खालीं, पाय वर. तरी त्यानें हूं कीं चूं केलें नाहीं. अखेर दोन माणसांनीं बसावयास सोयीची म्हणून ती आडवी केली, आणि त्याचा जीव वांचला. पुढें झांकण उघडणाऱ्या मंडळींत विल्यम स्टिल हे होते.

पुस्तकाची गोष्ट येथें संपते. हेन्रीस जन्मदिवस मिळतो. पण नातीनें विचारलें, "आणि त्याचीं मुलें?"

इतिहास येथें संपत नाहीं. सॅम्युअल स्मिथ त्याच वर्षीं आणखी दोघांस असेंच पाठवितांना पकडला गेला व तुरुंगांत पडला. ब्राउननें १८५० सालीं गुलामगिरीचीं दृश्यें रंगविलेला एक लांबलचक चित्रपट लोकांपुढें मांडला. पण पळालेल्या गुलामांस पकडून देण्याचा कायदा त्याच वर्षीं झाल्यामुळें त्यास इंग्लंड गांठावें लागलें. तेथें त्यानें दुसरा संसार थाटला. या युक्तीचा बोभाटा झाला नसता तर आणखी कितीतरी जण त्याच वाटेनें सुटले असते, असा खेद फ्रेडरिक डग्लस यांनीं १८५५ च्या आत्मचरित्रांत व्यक्त केला आहे. तो आक्षेप खोटा म्हणवत नाहीं. पण गोष्ट सांगितली गेली नसती, तर ती माझ्या नातीपर्यंत आली नसती, हेंहि खरें.

अशा हकिगती दूर जातात. अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांस जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपली 'गुलामगिरी' अर्पण केली. परक्या देशांतील दास्याच्या कथेंत त्यांना घरचेंच दुःख ओळखतां आलें.

नातीस मीं खरें तें सांगितलें: हेन्रीस त्याचीं मुलें पुन्हां भेटल्याची नोंद नाहीं. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिनें पानें मागें उलटलीं आणि तांड्यांतून जाणाऱ्या त्या मुलांचें चित्र काढून पाहत राहिली. सनावळी तिला अजून पाठ नाहीं. पण इतिहासाचा तास झाला, असें मला वाटलें.