इंद्रायणीचा भात आणि उभ्या पानांची गोष्ट

भीमेच्या एका अंगाला शिरूर, दुसऱ्या अंगाला दौंड. बाजरी, ज्वारी आणि उसाचा हा मुलूख. इथे भाताचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण तुळापूरला भीमेला मिळणारी इंद्रायणी मावळच्या भातखाचरांतून येते, आणि तिच्या नावाचा तांदूळ आपल्याही घरात शिजतो.

तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर, १९८७ साली शेतकऱ्यांना मिळालेला. आंबेमोहर सुगंधी खरा, पण उंच. वाऱ्यापावसात आडवा व्हायचा. आयआर ८ हा १९६६ साली फिलिपाइन्समधून आलेला बुटका भात. त्याच्या बुटकेपणामागचा जीन २००२ साली सापडला. जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करण्यात त्याचा हात असतो. तो बिघडला, म्हणून उंची घटली. म्हणजे भातातली हरितक्रांती झाली ती उंचीवर.

पानांची गोष्ट मात्र वेगळी. १९७९ साली अमेरिकेत मधमाश्यांनी गोळा केलेल्या, मोहरीच्या कुळातल्या एका पिकाच्या सव्वादोनशे किलो परागांतून जेमतेम काही मिलिग्रॅम पदार्थ हाती लागला. नाव ब्रासिनोलाइड. तपासलं तर ते चक्क स्टेरॉइड! माणसाच्या शरीरातल्या काही संप्रेरकांच्या जातकुळीतलं.

मग जपानी संशोधकांनी भाताकडे मोर्चा वळवला. हे स्टेरॉइड बनवणारे किंवा ओळखणारे जीन बिघडले, की रोप खुजं राहतं आणि पानं आडवी न पसरता उभी राहतात. आता उसाचा फड आठवा. दाटी झाली की खालच्या पानांना ऊन मिळत नाही. पानं उभी असली तर ऊन खालपर्यंत झिरपतं.

पण खरी मेख पुढेच आहे. स्टेरॉइड फार कमी झालं तर दाणाही बारीक होतो. मग पानं उभी असून उपयोग काय? २००६ साली साकामोतो आणि सहकाऱ्यांनी 'ड्वार्फ ४' हा एकच जीन बंद पडलेला भात दाखवला. त्याच कामाचा जोडीदार जीन शाबूत होता, म्हणून स्टेरॉइड थोडंच घटलं. पानं उभी राहिली, दाणा टिकला. दाट लावणीत, जादा खत न घालताही उत्पन्न वाढलं.

गंमत बघा, आपल्याकडे द्राक्षबागेत याच कुळातलं होमोब्रासिनोलाइड वरून फवारतात. तिथे घालायचं, भातात थोडं काढून घ्यायचं. संप्रेरक तेच, प्रश्न कुठे आणि किती, एवढाच. पुढच्या वेळी इंद्रायणीचा वाफाळता भात पानात पडला, की हे जरूर आठवा. भेटू पुढच्या भागात.