संप्रेरक-विकार आणि खुब्याचा सांधा

मुलगा लंगडत येतो आणि बोट ठेवतो गुडघ्यावर. गुडघ्याचा एक्स-रे निर्दोष निघतो, कारण दुखणे असते वर, खुब्यात. खुबा आणि गुडघा यांना काही नसा सामाईक असल्याने ही फसगत होते.

मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि मान यांच्यामध्ये वाढत्या वयात कूर्चेची वृद्धिपट्टिका असते. ती कमकुवत झाली की माथा खोबणीत राहतो आणि मान पुढे-वर सरकते. हा विकार बहुधा 10 ते 16 वर्षांच्या, वजनदार मुलांत दिसतो. मात्र मूल दहाच्या आतले किंवा बुटके असेल, तर थायरॉइड आणि पिट्यूटरी ग्रंथी तपासायलाच हव्यात. थायरॉइड मंदावली की पट्टिकेचे हाड होणे लांबते. वृद्धिसंप्रेरकाची कमतरता आणि त्यावरचे उपचार, दोन्हींत धोका वाढतो.

पाठीवर झोपवून गुडघा छातीकडे नेला की मांडी आपोआप बाहेर वळते. इतकी साधी खूण, तरी निदानाला कित्येक आठवडे लागतात! घसरलेला माथा आहे तिथेच स्क्रूने जखडतात. संप्रेरक-विकार असल्यास दुसरा खुबाही घसरण्याची भीती मोठी, म्हणून तोही बहुधा आधीच जखडतात.

प्रौढांत खुबा बिघडण्याचे कारण निराळे. कुशिंग विकारातले किंवा औषधातून आलेले जादा स्टेरॉइड माथ्याचा रक्तपुरवठा तोडते आणि हाड मरते. 2021 मध्ये कोविडवर स्टेरॉइड घेतल्यानंतर मुंबईत असे रुग्ण आढळले. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यामुळे हाडे विरळ होतात; मग न्हाणीघरातले साधे घसरणेही खुबा मोडते.