'टू किल अ मॉकिंगबर्ड' : वर्णद्वेष, न्यायदान आणि इतिहास

प्रस्तावना :
कादंबरी हा इतिहासाचा पर्याय नव्हे. परंतु तत्कालीन समाजमन समजून घेण्याचे ते एक महत्त्वाचे साधन आहे. हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली व १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ही कादंबरी काय सांगते आणि कशाकडे पुरेसे लक्ष वेधत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कादंबरीतील न्यायालय :
कथानक अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील एका काल्पनिक गावात, १९३० च्या दशकात घडते. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या तरुणीवरील बलात्काराचा खोटा आरोप होतो. वकील ॲटिकस फिंच त्यातील फोलपणा उघड करतात. तरीही गोरी ज्युरी टॉमला दोषी ठरवते. आरोप करणारे यूएल कुटुंब अत्यंत दरिद्री व गावाच्या तिरस्कारास पात्र ठरलेले आहे. गोरा वर्ण हीच त्याची एकमेव प्रतिष्ठा होय. वर्गीय विषमता व वर्णद्वेष परस्परांना कसे पोसतात, हे येथे प्रत्ययास येते.

इतिहासातील न्यायालय :
मार्च १९३१ मध्ये अलाबामात मालगाडीतील नऊ कृष्णवर्णीय मुलांना व तरुणांना अशाच आरोपाखाली अटक झाली. एप्रिलमध्ये स्कॉट्सबोरो येथे त्यांपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. पुरेसे वकिली साहाय्य न मिळाल्याच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली यांपैकी सात जणांच्या शिक्षा रद्द केल्या. पुढे क्लॅरेन्स नॉरिस यांच्या अपिलात, १९३५ साली, त्या न्यायालयाने ज्युरीची रचनाच तपासली. कित्येक वर्षांत तेथे एकही कृष्णवर्णीय नागरिक ज्युरीवर बसलेला नव्हता. नोंदवहीतील काही नावे तर मागाहून घुसडलेली आढळली. शेवटच्या तिघांना मरणोत्तर माफी मिळण्यास २०१३ साल उजाडले.

समारोप :
कादंबरी वाचकाची सहानुभूती ॲटिकसच्या सज्जनतेभोवती केंद्रित करते. ज्युरीतून कृष्णवर्णीय वगळले का जातात, हा प्रश्न तीत मध्यवर्ती होत नाही. लेखिकेच्या २०१५ साली प्रकाशित झालेल्या, परंतु आधी लिहिलेल्या 'गो सेट अ वॉचमन' मध्ये तर ॲटिकस वर्णविभाजनाचेच समर्थन करतो. तात्पर्य, व्यक्तीचे सौजन्य हा न्यायाचा पुरेसा आधार होऊ शकत नाही. निवाडा काय होणार, हे अनेकदा निवाडा देण्यास कोणाला बसू दिले जाते यावरच ठरते. इतिहासाच्या अभ्यासकाने या कादंबरीकडे वळताना हे भान ठेवणे अगत्याचे आहे.